जुन्या चौकटीत नवीन दार स्वतः बसवताना: आधी चौकट मापा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बेडरूमचं जुनं दार काढून नवीन फ्लश डोअर (सपाट प्लायचं दार) लावायचंय, चौकट लाकडी आहे आणि तीच ठेवायचीय, तर दार चौकटीपेक्षा किती लहान कापायचं, बिजागऱ्या दोन की तीन, आणि हे काम एकट्याला जमेल का. आणि शेवटी जाताजाता लिहिलंय की जुनं दार कुलुपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासायचं, अर्धवट उघडं ठेवलं की आपलं आपण बंद व्हायचं, नव्याला तसं नको.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे, बाकीचे तीन त्याच्या मागून येतात. कारण घासणं आणि आपोआप बंद होणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत, बहुतेक वेळा एकच असतं. दार एका उभ्या रेषेभोवती फिरतं, वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या पिना जोडल्या की जी रेष होते ती. ती ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी सरळ, असेल तर दार सोडाल तिथे थांबतं. ती वरून जिकडे झुकलेली असेल तिकडे दार हळूहळू जातं, कारण तिकडे गेल्यावर दाराचं वजन सगळ्यात खाली येतं. तुमचं दार बंद व्हायला बघत होतं म्हणजे रेष वरून बंद दाराच्या दिशेने, म्हणजे कुलुपाच्या बाजूला झुकली असणार, आणि रेष तशी झुकली की दाराचा वरचा भाग कुलुपाकडच्या उभ्यावर (चौकटीच्या उभ्या लाकडावर) जाऊन टेकणारच. म्हणजे दोन्ही लक्षणं जुळतात. (रेष भिंतीच्या जाडीत, पुढेमागे झुकली तरी दार आपोआप बंद होऊ शकतं, पण मग कोपरा घासत नाही.)

आता असं होण्याची कारणं दोन. एक तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन ती चौकटीतून थोडी बाहेर आली होती, किंवा चौकटीचा उभाच झुकलेला आहे. पहिलं असेल तर काम सोपं आहे. दुसरं असेल आणि तुम्ही तशाच चौकटीत नवीन दार लावलंत तर ते जुन्यासारखंच वागेल, मग रंधा मारून कोपरा उतरवाल, घासणं थांबेल पण बंद होणं थांबणार नाही आणि वर एक वाकडी फट कायमची दिसत राहील. म्हणून दार आणायच्या आधी, निदान कापायच्या आधी, चौकट नीट मापून घ्या. मी स्वतः दाराच्या कामाला गेलो की आधी अर्धा वेळ चौकटीजवळच घालवतो आणि तो वाया जातोय असं मला कधी वाटलेलं नाही.

मापायचं काय, तर जुनं दार काढून टाका आणि ज्या खाचेत दार बसतं, ज्याला आपण रिबेट म्हणतो, तिची रुंदी तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना घ्या. मग दोन्ही कर्ण, म्हणजे एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आणि उलट. ही सात मापं भिंतीवर पेन्सिलने जिथली तिथे लिहा, कागदावर लिहिली की कुठलं माप कुठलं ते हमखास विसरतं. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, फरक आला तर ती तिरकी झालीय.

मग ओळंबा. बिजागरीकडचा उभा दोन दिशांनी बघायचा, एकदा रिबेटच्या आतल्या बाजूने आणि एकदा समोरून, कारण उभा एका दिशेत अगदी सरळ असून दुसऱ्या दिशेत झुकलेला असू शकतो. लहान लेव्हल पट्टी इथे फसवते, उभा मध्ये थोडा फुगलेला असेल तर वर एक दाखवते, खाली दुसरं. साधा ओळंबा सोडा, वर आणि खाली दोरीपासूनचं अंतर मोजा, तो खोटं बोलत नाही. लेव्हलच वापरणार असाल तर लांबीची घ्या आणि एकदा उलटी फिरवून परत लावून बघा, बुडबुडा दोन्ही वेळा त्याच जागी आला तर पट्टी बरोबर आहे.

अजून एक गोष्ट जी बरेच जण सोडतात, पीळ. दोन्ही उभे आपापल्या जागी सरळ दिसतात पण एक वरून किंचित पुढे आणि दुसरा किंचित मागे असतो. दोन दोऱ्या घ्या, चौकटीच्या तोंडावर कोपऱ्या-कोपऱ्यात आडव्यातिडव्या ताणून बांधा. मध्ये जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे नुसत्या टेकल्या तर ठीक. वरची दोरी खालचीला दाबत असेल किंवा मध्ये फट राहत असेल तर चौकटीत पीळ आहे. फट राहिली तर वर-खालची दोरी बदलूनही एकदा बघा म्हणजे खात्री होते. पिळाचा परिणाम असा की दार बंद केलं की वरून टेकतं आणि खालून उघडं राहतं, किंवा उलट, आणि लोकांना वाटतं दार वाकडं दिलं.

इथपर्यंत जे सापडेल त्यावर पुढचं अवलंबून आहे, म्हणून एकच एक उत्तर देता येत नाही. माझा हिशोब साधारण असा असतो. बिजागरीकडचा उभा वरपासून खालपर्यंत २ मिमीच्या आत झुकला असेल तर काही करू नका, बिजागऱ्या बसवतानाच ते सांभाळून घेता येतं, वरच्या बिजागरीची खाच (तिचं पान लाकडात बसतं तो खड्डा) किंचित खोल आणि खालच्या बिजागरीमागे पातळ पॅकिंग, कार्डबोर्डसारखी पट्टी. ३-४ मिमी असेल तरी तसंच करता येतं पण मग रेष ओळंब्यात येते आणि बिजागरीकडची फट वर बारीक, खाली जाड दिसते, दोन्ही एकदम साधत नाही, तिथे काय चालवून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मी असलो तर रेष सरळ ठेवीन आणि फट थोडी वाकडी चालवून घेईन, कारण फट फक्त बारकाईने बघणाऱ्याला दिसते, दार मात्र रोज सगळ्यांना वापरायचं असतं. त्याच्या वर झुकाव असेल तर चौकटच सरळ करा. अवघड वाटतं पण लाकडी चौकटीत बऱ्याचदा उभ्याचे फास्टनर (चौकट भिंतीला धरणारे लांब स्क्रू) सैल करून, मागे समोरासमोर दोन पाचरी ठोकून उभा ओळंब्यात आणता येतो, मग फास्टनर त्या पाचरींच्या जागीच परत आवळायचे. पाचर नसलेल्या जागी आवळलं की उभा भिंतीकडे ओढला जाऊन वाकतो. मागची पोकळी पीयू फोमने (फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने) भरणार असाल तर दोन्ही उभ्यांमध्ये, रुंदीच्या बरोबर मापाची एक आडवी फळी अडकवून ठेवा, निदान दोन ठिकाणी, कारण फोम फुगताना उभ्याला आत ढकलतो आणि सुकल्यावर तो मागे जात नाही. जुनी चौकट जर फास्टनरऐवजी भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर उभी असेल तर ती अशी हलत नाही, बाजूचा गिलावा फोडावा लागतो, तिथे मात्र गवंडीकाम आलं.

पीळ असेल तर एक सोपी वाट आहे. चौकटीत कोरलेला रिबेट असेल तर तो हलत नाही, पण बिजागऱ्या हलवता येतात. समजा खालून ६ मिमी उघडं राहतंय, तर खालची बिजागरी चौकटीवर ३ मिमी आत, रिबेटकडे, घ्या आणि वरची ३ मिमी बाहेर, फरक वाटला जातो आणि डोळ्याला कळत नाही. फक्त लक्षात ठेवा की असं केल्याने पुढे-मागे दिशेत रेष थोडी झुकते, म्हणून एका मर्यादेपर्यंतच. रिबेटऐवजी दार टेकायला वरून ठोकलेली लाकडी पट्टी असेल तर भाग्यच, पट्टी काढा आणि दार लावून झाल्यावर दाराला टेकवून परत ठोका.

आता तुमचा पहिला प्रश्न, किती लहान. वर आणि दोन्ही बाजूंना २ ते ३ मिमी फट, म्हणजे सुतारांच्या भाषेत जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग). खाली फरशीपासून ६ ते १० मिमी. पण हे फक्त आकडे झाले, ते कुठे लावायचे ते चौकटीवरून ठरतं. समजा तुमची रिबेटची रुंदी वर ८१५, मध्ये ८१३, खाली ८११ आली. बरेच जण सगळ्यात लहान माप धरतात, ८११ वजा ६, आणि सरळ ८०५ चं दार कापतात, मग वरती दोन्ही फटी मिळून १० मिमी. त्याऐवजी दार वर ८०९, खाली ८०५ कापा. बिजागरीकडचा उभा सरळ असेल तर दाराची ती कड सरळच ठेवा आणि हा ४ मिमीचा उतार सगळा कुलुपाच्या कडेने काढा. वरची कडही तशीच, चौकटीचा वरचा आडवा तिरका असेल तर दाराची वरची कड त्याच्या तिरकेपणाने कापायची. दार काटकोनात असायला हवं असा काही नियम नाही, ते चौकटीच्या आकाराचं असायला हवं.

कुलुपाच्या कडेला अजून एक गोष्ट लागते, ती कड थोडी उतरती हवी, साधारण २ अंश. दार बंद होताना त्याचा आतला कोपरा, म्हणजे रिबेटला टेकणारी बाजू, उभ्याच्या जवळून वळत जातो, कड चौकोनी ठेवली तर तोच कोपरा आपटतो. ३५ मिमी जाडीच्या दाराला २ अंश म्हणजे एका बाजूला सव्वा मिमी कमी, रंध्याचे चारदोन हात. एवढ्याने दार २ मिमी फटीतही न घासता बंद होतं, आणि हे केलं नाही तर तुम्ही फट वाढवत बसता.

खालच्या फटीसाठी दाराच्या जागी नाही तर दार जिथून जिथून फिरणार तिथली फरशी बघा. बरेचदा चौकटीखाली सगळं ठीक असतं आणि दार साठ-सत्तर अंश उघडलं की फरशीचा उंचवटा लागतो. एक सरळ पट्टी चौकटीपासून खोलीत फिरवून उंचवटा शोधा आणि फट तिथून मोजा. खोलीत एसी किंवा एक्झॉस्ट असेल तर खाली १० मिमी ठेवलेली बरी, बंद दारातून हवा जायला जागा हवी. जाड कार्पेट टाकायचं असेल तर ते आत्ताच ठरवा.

हवेचाही विचार करा. लाकूड आडव्या दिशेने फुगतं आणि आटतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही, म्हणून दार रुंदीत अडकतं, उंचीत नाही. फ्लश डोअरला प्लायचे थर असल्याने ते भरीव लाकडाच्या पॅनल दारापेक्षा पुष्कळ कमी हलतं. कोरड्या दिवसांत बसवत असाल तर ३ मिमी ठेवा, दमट दिवसांत २ ठेवली तरी पुढे ती वाढणारच आहे. घरात नुकताच गिलावा किंवा मोठं ओलं काम झालं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दार घरात आणूच नका, ती सगळी ओल दार पिऊन घेतं.

दार कापण्याआधी ते पोकळ आहे की भरीव हे नक्की करा. पोकळ दाराला कडेने भरीव लाकडाची पट्टी असते, तिच्या रुंदीपेक्षा जास्त कापलंत तर आत नुसती जाळी उघडी पडते. खालून जास्त कापावंच लागलं तर कापलेल्या तुकड्यातून ती पट्टी सोडवून, साफ करून, गोंद लावून परत आत बसवायची, चांगली टिकते. पोकळ दारात कुलुपासाठी भरीव ठोकळा एकाच बाजूला असू शकतो, त्यावर खूण असते, ती बाजू कुठली ते बघूनच बिजागरीची बाजू ठरवा. आणि आगरोधक म्हणून प्रमाणित केलेलं दार असेल तर त्याला करवत लावू नका, त्याचं प्रमाणपत्र दार, चौकट, बिजागऱ्या सगळं मिळून असतं.

कापताना लॅमिनेट किंवा व्हिनियर उडतं ही तक्रार नेहमीची. रेषेवर धारदार कटरने आधी दोनतीनदा खोल चिरा द्या, वरून टेप लावा, मग कापा. हाताच्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात म्हणून चांगली बाजू खाली ठेवा, साध्या हातकरवतीला उलट, चांगली बाजू वर. मापापेक्षा १-२ मिमी जास्त ठेवून कापायचं आणि उरलेलं रंध्याने घ्यायचं. वरच्या आणि खालच्या कडेला रंधा दोन्ही टोकांकडून मध्याकडे मारा, एका टोकातून आरपार मारलात तर शेवटचा कोपरा फाटतो.

बिजागऱ्या तीन लावा. कारण सांगतो, म्हणजे वरच्या बिजागरीची किंमत कळेल. समजा दार ३५ किलोचं आणि ८० सेंमी रुंद आहे, वरच्या आणि खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर आहे. दाराचं वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४० सेंमीवर काम करतं, तर वरची बिजागरी चौकटीतून बाहेर ओढली जाते ती ३५ गुणिले ०.४ भागिले १.५, म्हणजे सव्वानऊ किलोच्या जोराने, आणि खालची तेवढ्याच जोराने चौकटीत दाबली जाते. ही ओढ दिवसरात्र चालू असते. म्हणून ढिली होते ती नेहमी वरचीच. पोकळ हलक्या दाराला दोनवर भागतं, पण तिसरी बिजागरी मध्ये असली की दार बाकही धरत नाही, आणि नुसतं वजनच जास्त असेल तर तिसरी मध्यापेक्षा वरच्या बिजागरीच्या जवळ घ्या, तिथे तिचा जास्त उपयोग होतो. माप १०० मिमीचं घ्या. जागा साधारण वरून १५० ते १७५ मिमी, खालून २२५ ते २५०, पण तुमच्या चौकटीत जुन्या खाचा आहेत, त्या धड असतील तर तिथेच बसवा आणि नवीन बिजागरीचं माप जुन्या खाचेला जुळणारं आणा. खाच कुजली किंवा फाटली असेल तर तेवढ्या जागी लाकडाचा तुकडा गोंदाने बसवून, वाळल्यावर नवीन खाच काढा. जुनी स्क्रूची भोकं नुसती तशीच वापरू नका, लाकडाची खुंटी गोंदात बुडवून ठोका, कापून सपाट करा, मग नवीन भोक.

खुणा मापाने नाही, दार चौकटीत उभं करून घ्या. खाली पाचरी देऊन दार उचला, वरची फट ३ मिमी आली की (दोन्ही टोकांना ३ मिमीचे प्लास्टिकचे किंवा प्लायचे तुकडे अडकवले की फटीची काळजी नको) बाजूने पाचर मारून घट्ट करा आणि चौकटीवरच्या खाचांच्या दोन्ही रेषा कटरच्या टोकाने दाराच्या कडेवर उतरवा. पेन्सिलची रेष अर्धा मिमी जाड असते, तीन बिजागऱ्यांत तेवढ्यानेही पिना ओढाताण करतात.

खाच काढणं हे या कामातलं सगळ्यात बारीक काम, ते घाईत नको. बिजागरीचं पान दाराच्या कडेवर ठेवून तिन्ही बाजूंनी कटरने चिरा, मग खोलीची रेष मारा, खोली बरोबर पानाच्या जाडीएवढी. आता पटाशी उभी धरून, दर ५-६ मिमीवर आडव्या टिचक्या मारत जा, रेषेच्या खोलीपर्यंतच. मग पटाशी आडवी करून, सपाट बाजू खाली ठेवून, बाजूने हाताच्या दाबाने ते तुकडे उचला, हातोडा नको. दुसरा हात कायम धारेच्या मागे ठेवा. पान ठेवून बोट फिरवा, कुठे अडखळलं नाही पाहिजे. खाच जास्त खोल झाली तर दार बंद होताना बिजागरीकडे आधीच टेकतं आणि स्प्रिंगसारखं परत येतं, लोक मग कुलुपाच्या बाजूला रंधा मारत बसतात आणि दोष असतो इकडे. तसं झालं तर पानामागे कार्डबोर्डची पट्टी द्या. स्क्रूचं डोकं वर राहिलं तरी हेच होतं.

स्क्रूला आधी बारीक भोक पाडा, ४ मिमीच्या स्क्रूला अडीच ते तीन मिमीचं, अगदी पानाच्या भोकाच्या मधोमध. भोक बाजूला गेलं की स्क्रू आवळताना अख्खी बिजागरी सरकते. पितळी स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, पितळी सरळ घातला तर कडक लाकडात डोकं तुटतं. आणि वरच्या बिजागरीत चौकटीकडे निदान एक स्क्रू लांब, ७५ मिमीचा घाला म्हणजे तो उभ्याच्या पार मागे जाऊन धरेल. जुन्या दाराला तो असता तर कदाचित तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. फक्त भिंतीतून वायर तिथून जात नाही ना ते बघा, स्विचबोर्ड शेजारी असेल तर नक्की.

एकट्याने होईल का, तर मापणं, कापणं, खाचा, सगळं होईल. टांगताना मात्र कुणीतरी अर्धा तास सोबत घ्या, भरीव दार सहज ३० किलोच्या वर जातं आणि ते उभं सांभाळत स्क्रू लावणं धोक्याचं आहे. कुणी नसेलच तर फळीचा एक तुकडा घ्या, त्याखाली आडवा गोल दांडा ठेवा, फळीचं एक टोक दाराखाली सरकवून दुसरं पायाने दाबलं की दार मिलिमीटरच्या हिशोबाने उचलता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

पहिल्यांदा टांगताना प्रत्येक पानात एकच स्क्रू लावा. दार हळू बंद करा आणि फटी वाचा. घाईने रंधा उचलू नका, फटी काय सांगतात ते आधी बघा. कुलुपाकडे वरती बारीक आणि खालती जाड असेल, म्हणजे तुमच्या जुन्या दारासारखं, तर वरची बिजागरी बाहेर आहे किंवा खालची जास्त आत आहे, खालच्या पानामागे १ मिमी पॅकिंग द्या किंवा वरची खाच तेवढी खोल करा, कुलुपाकडची बाजू वर उचलली जाते. उलट, कुलुपाकडचा वरचा कोपरा वरच्या आडव्याला लागत असेल तर वरच्या पानामागे पॅकिंग, तो कोपरा खाली उतरतो. फट वरपासून खालपर्यंत सारखीच बारीक असेल तर मगच रंधा, आणि तोही कुलुपाच्या कडेला, तो २ अंशाचा उतार राखून. मग दार ३० अंशावर, ६० वर, ९० वर सोडून बघा, प्रत्येक ठिकाणी थांबलं पाहिजे. थांबलं की उरलेले स्क्रू लावा.

हे सगळं पटलं की दार परत उतरवा, आणि इथे बहुतेक जण कंटाळा करतात, पण वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमर किंवा सीलर लावल्याशिवाय दार परत चढवू नका. कापलेली कड ओल ओढून घेते आणि खालची कड तर पुसताना रोज पाणी बघते. नंतर तिथे ब्रश जात नाही. खाचांच्या आतही एक हात मारा. जुन्या चौकटीचा रंग खरवडणार असाल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ओला करून घासा आणि मास्क लावा.

कुलूप शेवटी. हँडल फरशीपासून साधारण १ मीटरवर, भोक एका बाजूने आरपार नको, टोक पलीकडे दिसलं की थांबून दुसऱ्या बाजूने पुरं करा. चौकटीवर जिच्यात लॅच (कुलुपाची स्प्रिंगची जीभ) शिरतो त्या पट्टीची जागा मापाने काढत बसू नका, लॅचच्या टोकाला खडू लावून दार बंद करा आणि लॅच सोडा, जिथे खूण उमटली तिथे पट्टी. दार घट्ट बंद राहून खडखडत नाही ना एवढं बघा, खडखडलं तर पट्टी १ मिमी रिबेटकडे सरकवा.

दोनतीन आठवड्यांनी वरच्या बिजागरीचे स्क्रू एकदा हाताने तपासा, नवीन लाकूड थोडं बसतं. त्याआधी, दार विकत घ्यायच्या आधीच, रुंदीची तीन, उंचीची दोन आणि दोन कर्ण, आणि बिजागरीकडचा उभा दोन्ही दिशांत किती झुकलाय, एवढी मापं इथे लिहा, सोबत चौकट फास्टनरवर आहे की पट्ट्यांवर तेही सांगा, मग चौकट सरळ करायची की बिजागऱ्यांत भागवायचं ते नेमकं सांगतो.